रक्तदात्याचे हृदय

रक्त काढले असता हृदयाचे आणि अभिसरणाचे काय होते, हा प्रश्न मोजपट्टी हाती घेऊन ज्याने प्रथम विचारला, तो लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा एक पाद्री होता. स्टीव्हन हेल्स हे त्याचे नाव. जमिनीवर पाडून जखडलेल्या एका घोडीच्या मांडीतील धमनीत त्याने पितळेची बारीक नळी बसविली, तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी उभी जोडली, आणि धमनीवरचा बंध सैल करताच रक्त त्या काचेतून चढत चढत हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर पोहोचून तेथे नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी वरखाली होऊ लागले. धमनीतील रक्ताचा दाब मनुष्याला असा प्रथमच डोळ्यांनी पाहता आणि मोजता आला. परंतु हेल्सची जिज्ञासा एवढ्यावर शमली नाही. रक्ताचे एक माप बाहेर काढावे, स्तंभ किती उतरला ते लिहून ठेवावे, पुन्हा दुसरे माप काढावे, असा क्रम त्याने घोडी गतप्राण होईपर्यंत चालविला, आणि १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते सारे कोष्टकरूपाने मांडले. त्या मुक्या जनावराच्या यातना मनात आल्या म्हणजे आजही जीव कासावीस होतो. तथापि शरीरातले रक्त कमी होणे आणि अभिसरणाचा जोर ओसरणे यांचा संबंध त्या कोष्टकामुळेच प्रथम अंकांत आला, हेही कबूल केले पाहिजे.

रक्तदानाची गोष्ट निघाली की आपल्याकडील पुष्कळ सुबुद्ध माणसेही ‘अशक्तपणा येईल’, ‘हृदयावर ताण पडेल’ अशी शंका काढतात, आणि त्यांना अडाणी ठरवून मोकळे होण्याची एक वाईट खोड प्रचारकांना जडलेली आहे. वस्तुतः ही भीती निराधार नाही. तिच्यामागे शतकानुशतकांचा अनुभव आहे. तुंबड्या आणि जळवा लावून रक्त काढण्याची चाल आपल्या मुलखात होती, तशीच ती युरोपातही होती, आणि तिकडे तर तिचा अतिरेक झाला. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तेव्हा एका दिवसाच्या आत चार वेळा शीर तोडून त्याचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढण्यात आले आणि त्याच रात्री तो मरण पावला. मृत्यूचे मूळ कारण घशाचे दुखणे की रक्ताचा नाश, याबद्दल जाणत्यांत अद्याप मतभेद आहे. पण त्या आजारी देहाला तो रक्तक्षय उपकारक झाला असे म्हणणारा आज कोणी सापडणार नाही. सुश्रुताने मात्र शिरावेधाचा विधी सांगतानाच रोगी बलवान असला तरी एक प्रस्थापलीकडे रक्त काढू नये अशी मर्यादा घालून दिली होती. प्रमाण ठरवून त्याच्या आत राहणे, हा जो विवेक त्या मर्यादेत आहे, तोच आधुनिक रक्तपेढीच्या साऱ्या नियमांचा पाया होय.

आपल्या देशात दात्याचे वजन ४५ किलोग्रॅमच्या खाली असेल तर त्याचे रक्त घेत नाहीत; ४५ पासून पुढे ३५० मिलिलिटर घेतात आणि वजन ५५ च्या वर असेल तर ४५० मिलिलिटरपर्यंत घेता येते. प्रौढ माणसाच्या अंगात दर किलोग्रॅममागे साधारणतः ६५ ते ७० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे साठ किलोच्या पुरुषाच्या अंगी सव्वाचार लिटरांच्या आसपास. तेव्हा ३५० मिलिलिटर हा त्याचा सुमारे बारावा हिस्सा झाला. निरोगी माणसाच्या एकूण रक्तापैकी पंधरा टक्क्यांपर्यंत रक्त गेले तरी निजलेल्या स्थितीत त्याच्या रक्तदाबात फारसा फरक पडत नाही, हे अपघातांच्या दीर्घ अनुभवावरून ठरलेले आहे, आणि रक्तदानाचे प्रमाण त्या रेषेच्या बरेच अलीकडे राखलेले असते. दुसऱ्या रीतीनेही हा हिशेब करून पाहावा. विश्रांतीच्या वेळी हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दात्याने दिलेले रक्त हे त्याच्या हृदयाच्या अवघ्या पाच ठोक्यांइतके होय. पिशवी भरण्यास सहा-सात मिनिटे लागतात असे धरले, तर तेवढ्या अवधीत त्याच हृदयातून तीस-पस्तीस लिटर रक्त फिरून गेलेले असते.

सुई टोचण्यापूर्वी होणारी एक लहानशी परीक्षा येथे सांगण्यासारखी आहे. बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. त्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ इतके नेमके राखलेले असते. रक्तात शंभर मिलिलिटरमागे साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर थेंब जड होऊन पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाशी जातो. कमी असेल तर तो मध्येच घुटमळतो किंवा पुन्हा वर येऊ लागतो. अलीकडे हे काम छोट्या यंत्रावरही करतात, पण शिबिरांतून हा निळा पेला अजून दिसतो. याच वेळी नाडी आणि रक्तदाब पाहतात, आणि ज्याला हृदयविकार झालेला आहे त्याचे रक्त घेत नाहीत. हा निर्बंध कशासाठी याचा उलगडा पुढे होईल.

आता पिशवी भरू लागली म्हणजे आत काय घडते ते पाहू. शरीरातील रक्ताचा फार मोठा भाग, जवळजवळ दोन-तृतीयांश, कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतो. धमन्यांमध्ये त्या मानाने फारच थोडा. पातळ भिंतींच्या या शिरा म्हणजे दुष्काळासाठी राखून ठेवलेले धान्याचे पेवच होत. दात्याच्या कोपरापुढील शिरेतून रक्त जाऊ लागले की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ किंचित कमी होतो. हृदयाचे कप्पे पूर्वीइतके भरत नाहीत. आणि स्नायू जितका ताणला जाईल तितक्या जोराने आकुंचन पावावे हा हृदयाचा स्वाभाविक धर्म असल्यामुळे कमी भरलेले हृदय प्रत्येक ठोक्याला थोडे कमी रक्त पुढे पाठविते. याची खबर प्रथम लागते ती मानेतील धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत असलेल्या सूक्ष्म मज्जातंतूंना. दाबाने धमनीची भिंत किती ताणली जात आहे हे ते क्षणोक्षणी मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रास कळवीत असतात. ताण उणा पडल्याची वर्दी पोहोचताच तेथून हुकूम सुटतात: नाडीची गती मिनिटाला काही ठोक्यांनी वाढते, त्वचेतील, स्नायूंतील आणि आतड्यांतील बारीक धमन्या आकसतात, आणि शिरांच्या भिंती आवळून पेवातली रसद हृदयाकडे वळती होते. मेंदू आणि खुद्द हृदय यांच्या वाट्याच्या रक्तास मात्र या आवळण्यात सहसा धक्का लागत नाही. हे सारे इतक्या तत्परतेने होते की खाटेवर पडलेल्या दात्याला, सुईची कळ सोडली तर, पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

दुसरी व्यवस्था याहून संथ, परंतु टिकाऊ आहे. केशवाहिन्यांतील दाब कमी झाल्यामुळे पेशींच्या अवतीभोवतीचा द्रव आपोआप रक्तात ओढला जाऊ लागतो. मूत्रपिंडांतून निघालेल्या रासायनिक आज्ञांमुळे मीठ आणि पाणी बाहेर जाऊ न देता राखून ठेवले जाते, आणि तहानही लागते. अशा रीतीने एक-दोन दिवसांत रक्ताचे आकारमान पहिल्यासारखे होते. पण ही भरपाई पाण्याची आणि क्षारांची असते; तांबड्या पेशी इतक्या लवकर येत नाहीत. म्हणून रक्त काही दिवस किंचित पातळ राहते, आणि ४५० मिलिलिटर दिले असल्यास हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने उतरते.

येथे हृदयाच्या दृष्टीने मोठा मार्मिक प्रसंग उभा राहतो. पातळ रक्ताला वाहताना अडथळा कमी होतो, हे खरे. पण त्याच्या प्रत्येक मापागणिक प्राणवायूही थोडा कमी असतो. शरीरातील इतर स्नायू अशा वेळी रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घेऊन आपली गरज भागवितात. हृदयाच्या स्नायूला ही सवलत नाही. कारण त्याच्याकडे आलेल्या रक्तातील बहुतेक प्राणवायू तो स्वस्थ असतानाही काढून घेतच असतो. त्याला अधिक हवा असेल तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्याच्या स्वतःच्या धमन्यांनी रुंद होऊन अधिक रक्त आणणे. निकोप धमन्या हे लीलया करतात, आणि म्हणूनच निरोगी दात्याच्या हृदयाला या फरकाचा उपसर्ग पोहोचत नाही. फार तर जिने चढताना किंवा शर्यतीत धावताना काही दिवस दम लवकर लागतो. ज्याच्या धमन्या मेद साचून अरुंद झाल्या आहेत त्याच्यापाशी मात्र ही राखीव ताकद शिल्लक नसते. हृदयविकार झालेल्या माणसाला रक्तपेढी परत पाठविते त्याचे कारण हे. कोणी तो आपला अपमान समजू नये.

रक्तदानाच्या वेळी लोकांना खरी धास्ती वाटते ती भोवळ येण्याची. दाता पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी चाळीसपर्यंत उतरते आणि तो खाली कोसळतो. हे पाहिलेले माणूस सहजच म्हणते की रक्त जास्त गेले. परंतु तसे नसते. या बाबतीतला निर्णायक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटनमध्ये झाला. जखमी सैनिक रक्तस्रावानंतर बेशुद्ध का पडतात हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता. बारक्रॉफ्ट, एडहोम, मॅकमायकेल आणि शार्पी-शेफर या चौघा शास्त्रज्ञांनी धडधाकट स्वयंसेवकांचे रक्त काढीत असताना त्यांच्या दंडाच्या शिरेतून एक लांब नळी थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकविली, आणि त्याच वेळी हाताच्या पुढील भागातून किती रक्त वाहते याचेही मापन चालू ठेवले. हृदयात अशी नळी घालणे त्या काळी नुकतेच सुरू झालेले, धाडसाचे काम होते. अपेक्षा अशी की दाब कोसळण्याच्या क्षणी हातातला प्रवाहही आटेल. प्रत्यक्षात तो वाढला. १९४४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाचा अर्थ असा की आतापर्यंत नेटाने आवळून धरलेल्या स्नायूंतील रक्तवाहिन्या मज्जासंस्थेच्या आज्ञेनेच एकाएकी सैल सोडल्या जातात, दहाव्या मज्जातंतूच्या योगाने हृदयाची गतीही मंदावते, आणि मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर अपुरे पडते. हृदय थकलेले नसते आणि रक्तही संपलेले नसते. बंदोबस्तच अचानक उठविला जातो.

तसे का व्हावे याचा पुरता उलगडा सोपा नाही, पण कोणाला होते हे चांगले माहीत आहे. तरुण, प्रथमच रक्त देणारा, कमी वजनाचा, उपाशी आलेला, घाबरलेला दाता भोवळीला लवकर बळी पडतो. आणि शेजारच्या खाटेवरचा कोसळलेला पाहून आपणही कोसळणारे काही कमी नसतात. आपल्याकडे याला उन्हाळ्याची जोड मिळते. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत रक्ताचा तुटवडा पडतो आणि शिबिरे तातडीने भरवावी लागतात. परंतु तापलेल्या पत्र्याखाली किंवा कोंदट मांडवात माणसाच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात, घामाने पाणी गेलेले असते, आणि शिरांतली शिल्लक तेवढी कमी झालेली असते. तेथे पंख्यांची आणि पाण्याची तजवीज नसेल तर दाते पडणारच, आणि त्याचा दोष त्यांच्या मनाच्या दुबळेपणाकडे देणे अन्यायाचे आहे. रक्त देण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी पिणे हा यावरचा अत्यंत साधा आणि सिद्ध झालेला उपाय आहे. पाणी पोटात गेल्यावर काही मिनिटांतच रक्तवाहिन्यांचा ताण वाढतो आणि तो सुमारे तासभर टिकतो. खाटेवर पडल्यापडल्या मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आवळावे आणि सैल सोडावे, म्हणजे पायांतले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. नंतर एकदम उठू नये. चहा-बिस्किटे देऊन दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात ते केवळ आदरातिथ्य नव्हे. काहींना भोवळ येते ती बाहेर पडल्यावर, रस्त्यात किंवा बसच्या रांगेत उभे असताना. भोवळ आलीच तर आडवे निजवून पाय उंच करावे, इतकेच पुरते.

आता एका मोठ्या दाव्याकडे वळू. रक्तदानाने हृदयविकाराचा झटका टळतो, असे शिबिरांच्या फलकांवर सर्रास लिहिलेले असते. या कल्पनेचा उगम १९८१ साली जेरोम सलिव्हन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने मांडलेल्या एका तर्कात आहे. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना हृदयविकार पुरुषांहून कमी होतो, तो मासिक स्रावाबरोबर त्यांच्या अंगातले फाजील लोह निघून जाते म्हणून, असे त्याचे म्हणणे. तसे असेल तर रक्त देणाऱ्या पुरुषासही तोच लाभ मिळावा. पूर्व फिनलंडमधील २,६८२ पुरुषांच्या पाहणीचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा या तर्काला मोठेच बळ आल्यासारखे वाटले: रक्तदात्या १५३ पुरुषांपैकी एकालाच झटका आला होता, तर रक्त न देणाऱ्या २,५२९ पैकी ३१६ जणांना. आकडे डोळे दिपविणारे आहेत खरे. पण ज्याची प्रकृती मुळातच उत्तम आहे तोच रक्त द्यायला जातो, आणि ज्याची नाही त्याला रक्तपेढीच नाकारते, हे विसरून कसे चालेल? झटका कमी येणे हे रक्तदानाचे फळ की रक्तदाता होण्याची पूर्वअट, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. पुढे २००१ साली अमेरिकेतील अडतीस हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत दात्यांना असा लाभ आढळला नाही. २००७ साली तर पायांच्या धमन्यांच्या विकाराने ग्रस्त अशा १,२७७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाचे रक्त ठरावीक काळाने काढून लोह कमी करण्यात आले, आणि दोन्ही गटांच्या एकंदर मृत्युसंख्येत लक्षणीय अंतर पडले नाही. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे अशांपैकी काहींचा दाब रक्त काढल्यावर थोडा उतरतो, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. पण तेवढ्यावरून रक्तदानाला औषधाची जागा देता येत नाही, आणि गोळ्या सोडून शिबिराची वाट पाहणे तर सर्वस्वी घातक होय.

माझे मत असे की हा दावा फलकांवरून उतरविला पाहिजे. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला, थॅलेसेमियाच्या मुलाला, अपघातात सापडलेल्या तरुणाला रक्त लागते, एवढे कारण आपल्या लोकांना पुरेसे वाटत नाही असे समजणे हा दात्यांचा अवमान आहे. आणि आमिषाने आलेला माणूस आपला आजार लपविण्याचा संभव असतो, हा धोका निराळाच. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला तो याच विचाराने.

हृदयाची काळजी अशी अनाठायी असली तरी लोहाची काळजी अनाठायी नाही, आणि तिच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह अंगाबाहेर जाते. मूत्रपिंडांतून निघणाऱ्या संदेशामुळे हाडांतील मगज नव्या तांबड्या पेशी अधिक वेगाने घडवू लागतो खरा, पण पेशी घडवायला लोह हवे, आणि अन्नातून ते दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमच शोषले जाते. त्यातलेही काही रोजच्या झिजेत जाते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की लोहाची गोळी रोज घेणाऱ्या दात्यांचे हिमोग्लोबिन महिनाभरात बहुतांशी भरून आले, आणि गोळी न घेणाऱ्यांना, विशेषतः ज्यांचा साठा आधीच तुटपुंजा होता त्यांना, पाच-पाच महिने लागले. दोन दानांमध्ये पुरुषांनी तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने जाऊ द्यावेत हा आपल्याकडील नियम आहे. तो पेशींच्या दृष्टीने पुरेसा असला तरी लोहाच्या दृष्टीने सर्वांना पुरेलच असे नाही. नियमितपणे रक्त देणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे लोहाची गोळी घ्यावी, पालेभाजी आणि कडधान्ये यांवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेण्याची सवय सोडावी, कारण चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अडवून धरतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न शिबिराच्या दारातच उभा राहतो. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळून आले. रक्त देण्याच्या इच्छेने, कधी कधी घरच्यांचा विरोध पत्करून आलेली बाई त्या निळ्या पेल्यापाशी पोहोचते, तिच्या रक्ताचा थेंब मध्येच घुटमळतो, आणि ‘ताई, तुमचं नाही चालायचं’ एवढे सांगून तिला वाटेस लावतात. आपल्याला रक्तक्षय आहे हे कदाचित तिला आयुष्यात प्रथमच त्या टेबलापाशी कळलेले असते. अशा वेळी तिचे हिमोग्लोबिन नीट मोजून, तो आकडा कागदावर लिहून तिच्या हाती द्यावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात हे तिला सांगावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घेण्याची तारीख त्याच कागदावर घालावी. शिबिर भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने पिशव्यांच्या संख्येबरोबर अशा चिठ्ठ्यांचीही नोंद ठेवावी.